न्हाणीची लादी

ज्या माणसाने आमच्या न्हाणीत लादी बसवली होती, त्यालाच मी ती उखडायला बोलावलं. शेजारच्यांना वाटलं, मी मोठ्या मनाचा आहे. तसं काही नव्हतं. ती लादी त्याने आपल्या हातांनी फोडावी आणि तो फोडत असताना मी समोर उभं असावं, एवढंच मला हवं होतं.

माझी बायको त्या लादीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पालघरला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यानंतर अकराव्या दिवशी फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून ती गेली. आता घरात आम्ही दोघंच. मी, पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झालेला, आणि माझी पंच्याऐंशी वर्षांची आई.

सून पडली त्या दिवसापासून आईने न्हाणीत पाय ठेवला नव्हता. आमचं घर केळव्याला, वाडीत आहे. मागे विहीर आहे, विहिरीशेजारी कपडे धुण्याचा जुना दगड आहे. दोन पोफळींना जुनं लुगडं बांधून आई त्या दगडावर बसून अंघोळ करायची. हिवाळाभर केली. पाणी मी तापवून नेऊन ठेवायचो आणि पाठ करून उभा राहायचो. न्हाणीचं नाव काढलं की म्हणायची, "ती न्हाणी माणूस खाते. मी नाय जायाची."

एका रविवारी समुद्रावर आलेलं मुंबईचं एक कुटुंब वाट चुकून, किंवा न चुकता, आमच्या वाडीत शिरलं. हातात फोन धरून विड्याच्या पानांच्या वेलींचे फोटो काढत ते विहिरीपर्यंत आले. आई ओल्या लुगड्यात दगडावर बसलेली होती. मी ओरडलो. आयुष्यात मी फार वेळा ओरडलेलो नाही, त्यामुळे आवाज भलताच निघाला. ते लोक "सॉरी अंकल" म्हणत गेले.  आईने तांब्या उपडा घातला आणि केस न धुताच उठली.

मे महिना होता. पावसाळ्यात त्या दगडावर शेवाळ धरतं. तिथे ती पडली असती, हे मला दिसत होतं. मी तिला विचारलं, "सगळी लादी काढून नवी घातली तर जाशील?"

"बघू," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर मी लादीवाल्याला फोन केला.

तो सफाळ्याकडच्या एका गावचा. पंचेचाळिशीचा, बुटका, कानावर पेन्सिल आणि खिशात मोजपट्टी. केळव्यात सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी जी घरं आणि लॉज उभे राहिले, त्यांतल्या निम्म्या न्हाण्या त्याने केल्या असतील. फोनवर त्याने माझा आवाज ओळखला. मग म्हणाला, "दुसरा बघा सर. बोईसरात पन्नास लादीवाले हाईत." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्कूटरवरून दारात हजर.

घरात आला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. न्हाणीच्या दाराशी चप्पल काढली, आत गेला आणि कोरड्या लादीवर टाच घासून पाहिली. मग तांब्याभर पाणी ओतून परत घासली.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"फोडायला एक. खालचा सिमेंटचा माल करून, पाणी भरून ठेवायला दोन-तीन. लादीला दोन."

"मागच्या वेळी चार दिवस सांगून महिना लावला होता."

"मागच्या टायमाला वहिनी चहा द्यायच्या," तो मोजपट्टी ओढत म्हणाला. "चार दिवसाचं काम महिनाभर करावंसं वाटायचं."

त्याला तेव्हाच हाकलायला हवं होतं. पण मला तो हवा होता.

इथे तेरा दिवसांचं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की भेटायला येतात. ओटीवर सतरंजी घातलेली असते. येणारा येऊन बसतो, थोडा वेळ काही बोलत नाही, पाणीसुद्धा मागत नाही, आणि मग विचारतो, "कसं झालं?" हे विचारलंच पाहिजे, न विचारणारा माणूस कोरडा समजला जातो. आणि घरच्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलंच पाहिजे. मी गप्प बसणारा माणूस आहे. त्या तेरा दिवसांत मी जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या वर्षभरातही बोललो नसेन. सकाळी सांगायचो, दुपारी सांगायचो, दिवेलागणीला परत. पहिल्या दिवशी मी सगळं वेडंवाकडं सांगितलं. काहीतरी राहून जायचं, काहीतरी दोनदा यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत त्या सांगण्याला आकार आला. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे ठरून गेलं. ती पडली इथपर्यंत आलो की समोरचा म्हणायचा, "अरेरे, पण अशी कशी पडली?" सुरुवातीला मी नुसतं घसरली म्हणायचो. पाचव्या की सहाव्या दिवशी मी म्हणालो, "लादीच तशी. ठेकेदाराने घसरट लादी लावून ठेवली." समोरच्याने मान हलवली. त्या मान हलवण्याने मला बरं वाटलं. त्यानंतर मी प्रत्येकाला तसंच सांगितलं. कुणी विचारलं, कोण ठेकेदार, तर तेही सांगितलं.

आई तेव्हा आतल्या खोलीत होती. बायका तिच्याजवळ बसत. माझं बोलणं भिंतीपलीकडे किती जात असेल याचा मी विचार केला नव्हता.

फोडायच्या दिवशी लादीवाला एका कारागिराला घेऊन आला. उत्तर प्रदेशचा, बोईसरला खोली करून राहणारा, माझ्याच वयाचा असेल. छिन्नी-हातोडा घेऊन तो न्हाणीत उकिडवा बसला आणि मला दारात पाहून म्हणाला, "साहब, हट जाइए. टुकड़ा उड़ेगा, आँख में लगेगा."

"राहू दे त्यांना," लादीवाला म्हणाला. "सरांना बघायचं हाय."

मी बघितलं. ती लादी पांढरी होती, कडेला फिकट निळी रेघ. भिंतीला तीच, खालीही तीच. आठ वर्षं माझ्या बायकोने ती घासून पांढरी ठेवली होती. विहिरीच्या पाण्याचे डाग चढत, ते ती लिंबाने काढायची. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "हिच्यावर पाय ठरत नाही हो." मग तिने आपलं आपण गोणपाट घातलं. अंघोळीआधी अंथरायचं, नंतर धुऊन दोरीवर वाळत टाकायचं. ती पडली त्या दिवशी गोणपाट दोरीवर होतं. कारागिराने पहिला घाव घातला तेव्हा मला कसलंही समाधान झालं नाही. फक्त आवाज फार मोठा वाटला.

तीन-चार लाद्या निघाल्यावर कारागिराने एक उलटी करून पाहिली. मागची बाजू विटकरी होती. बोटाने खरवडली तर भुगा निघाला. "ये तो दीवाल का माल है," तो स्वतःशीच म्हणाला. "नीचे किसने लगाया?"

लादीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"ऐकलंत सर?"

"काय ऐकायचं?"

"भिंतीची लादी हाय ही. पातळ, गुळगुळीत. खाली लावायची नसते. मी तवाच बोललो होतो तुमाला, जरा बघा म्हणून."

"खोटं आहे."

"खोटं तर खोटं."

महिनोन् महिने मनात घोकलेलं एक वाक्य माझ्याकडे होतं. ते मी तिथे बोललो. "तुझ्या लादीने माझी बायको नेली."

मी त्याला तोपर्यंत कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली.

"ते गावाला सांगून झालंय सर तुमचं," तो म्हणाला. "आता मला कशाला सांगता? तुमच्या तेराव्याला जेवून गेलेल्या दोन लॉजवाल्यांनी चालू काम काढून घेतलं माझ्याकडून. एक तर तोंडावर बोलला, तुझ्या न्हाणीत माणसं मरतात रं बाबा, माझं गिऱ्हाईक नको मरायला. तुमी फोन केलात नि मी आलो, ते काय तुमच्या तोंडाकडं बघून नाय. आजी हितं अंघोळ करतील, ते गाव बघंल, म्हणून आलो."

कारागीर छिन्नी हातात धरून थांबला होता. त्याला बहुधा काही कळलं नव्हतं, किंवा सगळं कळलं होतं. लादीवाला त्याच्यावर ओरडला, "तू क्यों रुका? तेरी शादी है क्या इधर?"

संध्याकाळी ते गेले तेव्हा घरभर धूळ बसली होती. न्हाणीला लागून असलेल्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. कपाटाला काचा असूनही आत धूळ गेली होती. समुद्राची हवा, ओल, वाळवी यांच्याशी मी तीस वर्षं झगडलो आहे. धुळीची भर नको होती. मी खालच्या फळीवरची पुस्तकं काढून पुसायला घेतली. फळीवर पुठ्ठे अंथरलेले होते, ओल वर चढू नये म्हणून. पुठ्ठा झटकावा म्हणून उचलला.

लादीच्या खोक्याचा पुठ्ठा होता. पांढरी लादी, निळी रेघ, असं चित्र. त्याखाली इंग्रजीत छापलं होतं: फक्त भिंतीसाठी. अक्षरं बारीक नव्हती. माझ्या अंगठ्याएवढी होती.

मी फळीवरचे सगळे पुठ्ठे काढून पाहिले. सगळ्यांवर तेच. मीच ते आठ वर्षांपूर्वी चाकूने नीट कापून, फळीच्या मापाचे करून, छापील बाजू वर ठेवून अंथरले होते. बायको दारात उभी राहून हसलीही होती: "लादीपेक्षा खोकीच आवडलेली दिसतात."

मग बाकीचंही आठवलं. लादी मीच आणली होती. कॉलेज सुटल्यावर एकटाच बोईसरला दुकानात गेलो होतो. मला सगळीकडे एकच पांढरी हवी होती. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी असं मला खपत नाही. दुकानदार काही सांगू लागला होता, पण मला गाडी गाठायची होती. टेम्पो घरी आला त्या दिवशी मी ओटीवर वाचत बसलो होतो. लादीवाला खोकं हातात घेऊन समोर आला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. तो म्हणाला, "सर, जरा बघा, काय लिवलंय." मी पुस्तकातून मान वर केली नाही. बोट उचललं आणि म्हणालो, "पांढऱ्याच आहेत ना? लावा." कोणतं पुस्तक होतं ते आठवत नाही. चहाच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारा माणूस मी. तेवढं एक वाचलं नाही.

मी पुठ्ठे होते तसे परत घातले. पुस्तकं परत लावली.

आपली चूक कळली की माणूस नरम होतो, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे. माझं उलट झालं. दुसऱ्या दिवसापासून मला लादीवाला आणखीच असह्य वाटू लागला. त्याचं थुंकणं, त्याचा फोन, फोनवर बायकोशी हसणं. त्याने काहीतरी वाईट करावं आणि ते मला सापडावं, असं मला वाटत होतं.

खालचा थर झाला, त्यावर पाणी भरून ठेवलं. त्या दिवशी तो लादीचे तीन नमुने घेऊन आला आणि मला न विचारता थेट आईसमोर ओटीवर मांडले. तिन्हींवर पाणी ओतलं. "आजी, पाय लावून बघा."

आईने खांबाला धरून एकेकीवर पाऊल ठेवलं. तिसरी राखाडी होती, खरखरीत, वाणसामान ठेवायच्या कोठीत घालतात तशी. तिच्यावर ती थोडा वेळ उभी राहिली.

"ही. मागच्या दगडासारखी हाय."

"दिसायला भुंडी आहे," मी म्हणालो.

"मला काय ती भिंतीला टांगायची हाय?" आई म्हणाली.

मी चटकन तिच्याकडे पाहिलं. पण ती सहज बोलली होती.

दुपारी माल आला. लादीवाल्याने एक खोकं उचललं, ओटीवर आणलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. "वाचा सर."

"काय?"

"खोक्यावर लिवलंय ते. मोठ्यानं वाचा, आजींना आत ऐकू जाईल असं. मला काय वाचता येत नाय."

कारागीर पाहत होता. मी वाचलं. फरशीसाठी, घसरू नये अशी, घराच्या आत-बाहेर चालेल. चाळीस वर्षं कुजबुजत बोलायची सवय असलेल्या माणसाने जसं वाचावं तसं वाचलं.

"परत वाचा. आजींना कमी ऐकू येतं."

मी परत वाचलं. मनात म्हणालो, याला ठाऊक आहे. मग वाटलं, पुठ्ठ्यांचं त्याला कसं ठाऊक असेल? त्याला फक्त आपण खरं बोललो होतो एवढं ठाऊक होतं. आणि ते त्याच्यापुरतं पुरेसं होतं.

लादी बसवून झाली. दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मी लाटणं घेऊन न्हाणीत बसलो. लादीखाली माल नीट भरला नसेल तर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, एवढं मी वाचून ठेवलं होतं. लाटणं बायकोचं होतं, शिसवीचं, एका टोकाला झिजलेलं. प्रत्येक लादी चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठोकली. दोन ठिकाणी आवाज पोकळ आला. खरं सांगतो, मला आनंद झाला. पेन्सिलीने फुल्या मारल्या.

लादीवाला दारात येऊन उभा राहिला. "काय सर, डॉक्टर झालात? छाती वाजवून बघताय?"

"दोन पोकळ आहेत."

तो वाकला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. वाद घातला नाही. कारागिराला शिवी दिली, दोन्ही लाद्या काढायला लावल्या, खाली स्वतः माल भरला, वर लादी ठेवून रबरी हातोडीने चारी बाजूंनी दाबली. माझी जीत झाली होती, आणि तिचं काही करता येत नव्हतं.

मग मी तांब्या ओतला. पाणी ढाळावरून मोरीकडे गेलं. एका कोपऱ्यात मात्र तळहाताएवढं राहिलं.

"तिथे पाणी राहतं."

"तेवढं फडक्यानं पुसायचं हाय सर." तो थांबला. "इतकी वर्षं वहिनी पुसत होत्या, म्हणून तुमाला दिसलं नाय."

मी बाहेर निघून गेलो. परत आलो तेव्हा तो स्वतः त्या कोपऱ्यातली लादी काढत होता.

फटी भरल्या, एक दिवस सुकू दिलं. त्यानंतर सकाळी तो एकटाच आला. ते काम त्याचं नव्हतं, पण त्याने न्हाणीत बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. आईला चौरंगावर दाराबाहेर बसवलं होतं. त्याने पँट वर दुमडली आणि अनवाणी त्या फेसात चालून दाखवलं, सर्कशीतल्यासारखं. एका पायावर उभा राहिला.

"बघा आजी. नाय घसरत."

"मागच्या टायमाला असाच चाललेलास?" आईने विचारलं.

तो दुसरा पाय खाली टेकवत म्हणाला, "नाय."

आई काही वेळ फेसाकडे पाहत होती. मग माझ्याकडे वळली.

"कसं झालं?"

मला वाटलं, ती न्हाणीच्या कामाचं विचारते आहे. "चांगलं झालंय," मी म्हणालो.

"ते नाय. तेरा दिवस ओटीवर बसून तू सगळ्या गावाला सांगितलंस कसं झालं. मी आतून ऐकत होते. रोज थोडं थोडं बदलत होतं. मला कुणी येऊन सांगितलं नाय. माझी सून ती. मला सांग, कसं झालं. त्याबिगर मी आत पाय ठेवायची नाय."

लादीवाला फेसातच उभा होता. त्याला बाहेर जायला मीच वाट अडवून होतो.

मी सांगायला लागलो. सुरुवात तीच होती, जी मी तेरा दिवस सांगत होतो: सकाळ, गोणपाट दोरीवर, तिची हाक. माझ्याही नकळत त्याच जागी थांबलो, त्याच जागी आवाज खाली आणला. मग ती जागा आली जिथे लोक विचारायचे, अशी कशी पडली. आईने विचारलं नाही. ती वाट पाहत राहिली. मी आत गेलो, खालच्या फळीवरची पुस्तकं जमिनीवर टाकली आणि एक पुठ्ठा घेऊन आलो.

"ही लादी मी आणली. भिंतीची होती. इथे लिहिलेलं आहे. याने मला वाचायला सांगितलं होतं. मी वाचलं नाही. लावा म्हणालो."

आईला वाचता येतं, मराठी. तिने तो पुठ्ठा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि त्यावरच्या चित्राकडे पाहत राहिली. मला वाटलं, ती आता रडेल किंवा मला काहीतरी बोलेल. ती लादीवाल्याकडे वळली.

"तुला वाचता येत नाय. पण हाताला कळत होतं ना, भिंतीची हाय ते?"

"कळत होतं."

"मग का लावलीस?"

"घरधनी बोलला लाव."

"तो बोलला म्हणून लावलीस."

 त्या क्षणी लादीवाल्याचा चेहरा मला पाहवला नाही. तो माझ्यासारखाच दिसत होता.

"दोघं बी तसलेच," आई म्हणाली. पुठ्ठा माझ्या हातात न देता तिने तो जमिनीवर ठेवला. मी आधार द्यायला पुढे झालो, तर माझा हात तिने बाजूला सारला. "पाणी आण. आणि तो फेस काढ आधी."

लादीवाल्याने फेस धुऊन काढला. मी तापलेलं पाणी आणून ओतलं. आई चौकटीला धरून आत गेली, आणि तिने आतून कडी लावली. कडी लावू नकोस, असं मी म्हणणार होतो, म्हणालो नाही.

आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. जायला हवं होतं, पण कुणी हललं नाही. तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. परत तांब्या वाजला. पाणी मोरीकडे जाताना ऐकू येत होतं. ती केस धूत होती. खूप दिवसांनी धूत होती, त्यामुळे वेळ लागला.

कडी निघाली तेव्हा तो ओटीवर जाऊन हत्यारं पिशवीत भरू लागला. मी चहाचं विचारलं. तो नको म्हणाला.

"मघाशी मी जे बोललो," मी सुरुवात केली.

"ते मला कशाला सांगता सर? मला ठाऊकच होतं." त्याने पिशवीची दोरी ओढली. "ज्यांना ओटीवर बसवून सांगितलंत, त्यांना जाऊन सांगा. घरोघरी जा. मी पण जातो ना कामं मागत."

त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. मला तो माणूस अजून आवडत नाही. त्याची आठवण आली तरी माझे दात आवळले जातात.

मी जातो आहे. त्याचं काम काढून घेणाऱ्या लॉजवाल्यांपैकी एकाकडे पहिल्यांदा गेलो. त्याने खुर्ची दिली, माझं सगळं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं मनाला लावून घेऊ नका. दुःखात माणसाला सगळी चूक आपलीच वाटते." त्याने मला सरबत पाजलं. दुसरीकडेही तेच. लोक माझं सांत्वन करतात. पहिली गोष्ट त्यांना पटली होती. मी ती चांगली सांगितली होती. ही दुसरी त्यांना माझ्या शोकाचाच एक भाग वाटते. मी किती भला आहे, असं म्हणून ते मला दारापर्यंत पोचवतात, आणि लादीवाल्याबद्दलचं त्यांचं मत होतं तिथेच राहतं.

म्हणून आता मी पुठ्ठा बरोबर नेतो. काखेत धरून, छापील बाजू बाहेर. ओटीवर बसलो की कुणी "कसे आहात" विचारायच्या आत तो त्यांच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, वाचा. मोठ्याने वाचा. एकाने परवा चष्मा आणून वाचलं, आणि बराच वेळ माझ्याशी बोलला नाही. पाणीही विचारलं नाही. त्याच्याकडून परत येताना वाटलं, हा एक झाला.

अजून बरीच घरं राहिली आहेत. आई रोज सकाळी मला पाणी आणायला सांगते. त्याहून जास्त काही बोलत नाही. मग आतून कडी लागते.